चित्र आधी, कविता नंतर: ब्यालिक यांच्या हिब्रू बालकवितांचे एक प्रकरण

१९२२ साली बर्लिनमधल्या ओफिर नावाच्या छोट्या प्रकाशनसंस्थेने ‘सेफर हा-द्वारिम’, म्हणजे ‘वस्तूंचे पुस्तक’, हे मुलांसाठीचे हिब्रू चित्रपुस्तक काढले. त्यातली चित्रे टॉम झाइडमान-फ्रॉइड यांची होती आणि कविता हायिम नाहमन ब्यालिक यांच्या. आधी कविता आणि मग तिला शोभेल असे चित्र, हा नेहमीचा क्रम येथे उलटा होता. चित्रकर्तीची चित्रे समोर ठेवून त्या काळातल्या सर्वांत मोठ्या हिब्रू कवीने त्यांच्यासाठी पद्यरचना केली. पुढे १९३३ मध्ये तेल अवीवच्या द्वीर प्रकाशनाने ब्यालिक यांच्या मुलांसाठीच्या कविता ‘शिरिम उ-फिझमोनोत ली-यलादिम’ या नावाने एकत्र छापल्या, तेव्हा चित्रे काढली नाहुम गुटमान यांनी. बर्लिनमध्ये चित्रांसाठी लिहिलेल्या कविता या नव्या पुस्तकात आल्या, पण ज्या चित्रांपोटी त्या जन्मल्या ती चित्रे मागेच राहिली.

या दोन पुस्तकांच्या मधल्या अंतरात कवितेच्या अर्थाचे काय झाले, हा या अभ्यासाचा विषय आहे. बालकवितेतले चित्र म्हणजे शब्दांची सजावट असे आपण सहज धरून चालतो. ब्यालिक यांच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही. त्यांच्या कवितांत बोलणारे मूल कोण आहे, ते कुठे उभे आहे आणि कुठल्या बाजूने जगाकडे पाहते आहे, हे शब्द सांगत नाहीत, ते चित्र ठरवते. त्यामुळे चित्र बदलले की कविताही बदलते, आणि हिब्रूच्या त्या विशिष्ट काळात हा बदल इतर भाषांपेक्षा फार खोलवर गेला, असे माझे मत आहे.

भाषा होती, बालपण नव्हते

ब्यालिक यांचा जन्म १८७३ साली तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील व्होलिनिया प्रांतातल्या झितोमिरजवळच्या रादी या खेड्यातला. त्यांची उमेदीची वर्षे ओडेसा शहरात गेली आणि मुलांसाठी लिहायलाही त्यांनी तिथेच सुरुवात केली. मात्र ज्या मुलांसाठी हे लेखन होते, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी हिब्रू बोलली जात नव्हती. आई रागावायची ती यिडिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीभाषेत, आणि रस्त्यावर ऐकू यायची ती रशियन किंवा युक्रेनियन. हिब्रू भेटायची ती खेडरमध्ये, म्हणजे धार्मिक पाठशाळेत, तोराह या ज्यू धर्मग्रंथाच्या पानांवरून. त्यामुळे वेदी, यज्ञपशू, राजा आणि संदेष्टा हे शब्द पाच-सहा वर्षांच्या मुलाला ठाऊक असत, पण सी-सॉ, फुलझाडाची कुंडी किंवा लाकडी घोडा यांच्यासाठी त्याच्या कानावर एकही हिब्रू शब्द पडलेला नसे. ज्या भाषेत कुणी खेळलेच नाही, त्या भाषेत खेळगाणी लिहिण्याचे हे काम होते.

अशा वाचकासाठी चित्राचे काम दुप्पट होते. मराठी मुलाला ‘घरटे’ हा शब्द कवितेच्या कितीतरी आधी माहीत असतो, आणि चित्रकाराने ते कसेही काढले तरी मुलाच्या मनातले घरटे शाबूत राहते. ओडेसातल्या किंवा बर्लिनमधल्या त्या मुलाला ‘केन’ (घरटे) हा शब्द जिवंत वस्तूसह पहिल्यांदा भेटायचा तो त्या पानावरच. चित्रात ज्या झाडाचे जे घरटे, तेच त्याच्या हिब्रूतले घरटे ठरायचे. शब्दकोशाचे काम चित्राकडे गेले की चित्रकाराची प्रत्येक निवड भाषेत कायमची उतरते, म्हणूनच या प्रकरणात चित्रकाराला सहलेखक म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही.

उच्चारांचाही एक प्रश्न होता. ब्यालिक यांच्या आरंभीच्या कवितांची लय पूर्व युरोपातल्या अश्केनाझी उच्चारांवर बेतलेली होती, आणि पॅलेस्टाइनच्या शाळांत रुजलेल्या उच्चारांत आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर पडत असल्याने ती लय लंगडी व्हायची. चालींनी आणि चित्रांनी हे लंगडेपण बरेचसे झाकले, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

बर्लिन: रिकाम्या जागेतल्या वस्तू

१९२१ मध्ये मॅक्सिम गॉर्की यांच्या मध्यस्थीने हिब्रू लेखकांच्या एका गटाला सोव्हिएत सत्तेखालचे ओडेसा सोडण्याची परवानगी मिळाली. त्या गटाबरोबर ब्यालिक बाहेर पडले आणि बर्लिनला पोचले. जर्मन मार्क घसरत होता, परकीय चलन हाती असणाऱ्याला कागद आणि छपाई स्वस्त पडत होती, आणि पूर्वेकडून आलेले लेखक, मुद्रक व प्रकाशक यांची शहरात गर्दी झाली होती. त्यामुळे काही वर्षे बर्लिन हे हिब्रू आणि यिडिश छपाईचे मोठे केंद्र बनले. मुलांच्या पुस्तकांतही अनेक वाटा एकाच वेळी चाचपल्या जात होत्या. १९२३ मध्ये तिथेच लेविन किपनिस यांच्या यमकबद्ध ओळी आणि झेव राबान यांची चित्रे असलेले ‘आलेफ-बेत’ हे अक्षरपुस्तक निघाले. जेरुसलेमच्या बेझलेल कलाशाळेच्या शैलीत त्याने प्रत्येक अक्षराला प्राचीन, बायबलकालीन पूर्वेचा पेहराव चढवला होता. झाइडमान-फ्रॉइड यांची वाट याच्या अगदी उलट होती.

१८९२ साली व्हिएन्नात जन्मलेल्या या चित्रकर्तीचे मूळ नाव मार्था गर्ट्रूड फ्रॉइड, आणि सिग्मंड फ्रॉइड त्यांचे सख्खे मामा. ‘टॉम’ हे पुरुषी नाव त्यांनी तरुणपणी स्वतःच घेतले. याकोब झाइडमान यांच्याशी लग्न झाल्यावर दोघांनी पेरेग्रिन ही प्रकाशनसंस्था चालवली, आणि ब्यालिक यांच्यासह ओफिर सुरू केली. त्यांची चित्रशैली एकदा पाहिली की विसरता येत नाही. बारीक, न थरथरणारी बाह्यरेषा, तिच्या आत सपाट, निवळ रंग, सावल्या जवळजवळ नाहीत, आणि वस्तूंभोवती भरपूर मोकळी जागा. माणसांचे चेहरे बाहुल्यांसारखे शांत असतात. त्यांवर हसू फुललेले नसते, की रडूही दाटलेले नसते.

या शांत चेहऱ्यांकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे, कारण कवितेला जागा मिळते ती तिथेच. मुलांच्या पुस्तकातला चित्रकार बहुधा भावनाही रंगवून मोकळा होतो. रडणाऱ्या मुलाच्या गालावर मोठा थेंब काढला की ओळीतले दुःख वाचायचे कारणच उरत नाही. झाइडमान-फ्रॉइड वस्तू, जागा आणि स्थिती नेमकी दाखवतात, पण त्या स्थितीत काय वाटते हे सांगत नाहीत. ते सांगायचे काम शब्दांचे. साधारण १९११ नंतर थोरांसाठीच्या कवितेत जवळजवळ मौन धरलेल्या ब्यालिक यांना अशा चित्रांनी पुन्हा लिहिते केले, यात मला काही नवल वाटत नाही. चित्राने वर्णनाचे ओझे उचलले होते, उरली होती ती फक्त हाक, प्रश्न आणि लय.

चित्रासोबत जगणारी कविता बऱ्याच गोष्टी न सांगता सोडू शकते. तिला ‘हे’, ‘तिथे’, ‘येथे’ एवढे म्हणून बोट दाखवले की पुरते. या सोयीचा अर्थ किती दूर जातो, हे ब्यालिक यांच्या ‘अत्सीत्स प्राखीम’ (फुलांची कुंडी) या चार ओळींच्या कवितेत स्पष्ट दिसते. कवितेचा आशय असा: खिडकीतून कुंडीतले फूल दिवसभर बागेकडे डोकावते, त्याचे सारे सोबती तिथे बागेत आहेत, ते एकटेच येथे उभे आहे. एवढीच कविता. शेवटचा शब्द ‘कान’, म्हणजे ‘येथे’, आणि कवितेचा सारा भार त्याच्यावर पडतो.

हे ‘येथे’ म्हणजे नेमके कुठे? चित्रकाराने खोलीच्या आतून दृश्य काढले, म्हणजे आपल्यापुढे कुंडीची पाठ, तिच्या पलीकडे चौकट आणि चौकटीबाहेर उजळलेली बाग असेल, तर ‘येथे’ म्हणजे वाचक बसला आहे तीच खोली. मूल फुलाच्या बाजूने पाहते आणि कविता त्याच्या स्वतःच्या एकटेपणाची होते. तेच दृश्य बागेतून वर बघत काढले, खाली वाफ्यातली फुले मोठी आणि वर खिडकीत छोटीशी कुंडी, तर मूल सोबत्यांच्या गटात जाऊन बसते आणि ‘एकटेच’ हा शब्द दुसऱ्या कुणाविषयी हळहळून उच्चारला जातो. शब्द तेच आहेत, एकही मात्रा बदललेली नाही, तरी पहिल्या चित्रासह ही विरहाची कविता आहे आणि दुसऱ्या चित्रासह करुणेची. मोठ्या वाचकांनी या कुंडीत परदेशात रुजू न शकलेला कवी पाहिला, आपल्या मातीपासून दूर असलेला समाज पाहिला. हे वाचनही पहिल्या चौकटीतच नैसर्गिकपणे सुचते. बागेतून पाहणाऱ्या चित्रासह ते ओढूनताणून आणावे लागेल.

तेल अवीव: त्याच ओळींना नवा देश

ब्यालिक १९२४ मध्ये तेल अवीवला स्थायिक झाले आणि द्वीर प्रकाशनही तिकडे गेले. ओफिरमधली भागीदारी टिकली नाही. नाहुम गुटमान तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. १८९८ मध्ये बेसराबियात जन्मलेले गुटमान लहानपणीच, १९०५ साली, कुटुंबासह पॅलेस्टाइनला आले. त्यांचे वडील स. बेन-त्सियोन हे हिब्रू लेखक आणि ब्यालिक यांच्या ओडेसातल्या वर्तुळातले. १९०९ साली वाळूच्या टेकड्यांवर तेल अवीव वसू लागले तेव्हा हा मुलगा तिथे वाढत होता. ज्या पिढीने हिब्रूत खेळायला सुरुवात केली, तिच्यातला तो चित्रकार. झाइडमान-फ्रॉइड यांच्या चित्रांत जागा रिकामी आहे, ती कुठल्याच देशाची नाही. गुटमान यांची जागा ऊन, वाळू, गाढवे, उंट आणि संत्र्यांच्या बागा यांनी भरलेली असते, आणि त्यांची शाईची रेषा धावती, खेळकर, थोडी बेशिस्त.

दोन्ही शैलींत मी उणे-अधिक करीत नाही, पण १९३३ च्या पुस्तकाने काय केले ते स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. झाड, पक्षी, वाट, बाग असे स्थळनिरपेक्ष शब्द असलेल्या कवितांना त्याने एक ठरावीक देश दिला. तेल अवीवमधल्या मुलाला त्या आपल्या अंगणातल्या वाटल्या आणि एक मोठी पिढी त्या तशाच समजत वाढली. या कविता व्होलिनियाच्या आठवणींतून, ओडेसाच्या खोल्यांतून किंवा बर्लिनच्या चित्रांतून आल्या आहेत, याची खूण पानावर उरली नाही.

‘पाराश’ (घोडेस्वार) या कवितेत हा बदल किती मोठा असू शकतो ते पाहावे. ‘रूत्स बेन-सूसी, रूत्स उ-दहार’ या ओळीने ती सुरू होते. पळ माझ्या घोड्या, पळ, दौडत जा, दरीतून धाव, डोंगरावरून उड, रात्रंदिवस, मी घोडेस्वार आहे, शूर आहे. चार ओळींत बोलणाऱ्याचे वय नाही, कपडे नाहीत, घोडा खरा की लाकडी याचा पत्ता नाही. चित्रकाराने खोलीतल्या जाजमावर डुलता लाकडी घोडा आणि त्यावर लहान मूल काढले, तर ‘रात्रंदिवस’ आणि ‘डोंगर’ ही कल्पनेची भरारी होते आणि कविता खेळाची राहते. खरा घोडा काढला की प्रश्न येतो तो स्वाराचा. पूर्व युरोपातल्या ज्यू मुलाच्या अनुभवात भरधाव येणारा सशस्त्र घोडेस्वार म्हणजे कोसॅक, रशियन झारचा घोडदळ शिपाई, म्हणजे दार लावून लपण्याची वेळ. १९०३ च्या किशिनेव्हमधल्या हत्याकांडावर ‘कत्तलीच्या शहरात’ हे दीर्घकाव्य लिहिणाऱ्या कवीने मुलाच्या तोंडी ‘मी घोडेस्वार आहे’ हे वाक्य घालावे, यात आधीच मोठे धाडस आहे. लाकडी घोड्याच्या चित्रासह ते भीतीला खेळात जिंकण्याचे धाडस ठरते. पॅलेस्टाइनमध्ये मात्र १९०९ पासून ‘हा-शोमेर’ संघटनेचे ज्यू राखणदार घोड्यावरून वसाहतींची गस्त घालत होते, आणि तिथल्या मुलाला घोडेस्वार म्हटले की आपलाच मोठा भाऊ आठवू शकत होता. त्या देशाच्या टेकड्या चित्रात मागे आल्या की तीच ओळ भविष्याचा आदेश होऊन बसते. खेळ आणि आदेश यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर कापते ती फक्त पार्श्वभूमीची रेषा.

पवित्र वा प्रिय शब्द तसेच ठेवून चित्राने त्यांना स्थानिक करून घेणे ही ज्यू पुस्तकांची जुनी रीत आहे, आणि तिचे एक उत्तम उदाहरण आपल्या पुण्यात आहे. १८७४ साली पुण्यात बेने इस्राएल समाजासाठी हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर असलेली सचित्र हग्गादा छापली गेली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायच्या या पुस्तकातल्या एका चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका देशी पेहरावात आहेत. मजकुरात इजिप्त आहे, पण पानावर कोकण-देशावरचे ओळखीचे घर. त्या हग्गादेत मूळ कथेला धक्का लागत नाही, कारण तिचे स्थळ शब्दांतच पक्के आहे. ब्यालिक यांच्या चार ओळींत तसे काही पक्के नसल्यामुळे चित्राचा शब्द अखेरचा ठरतो.

चित्राने कधी गप्प बसावे

‘नद-नेद’ ही ओडेसाच्या काळातली सी-सॉची कविता या प्रकरणातला माझ्या दृष्टीने सर्वांत नाजूक भाग आहे. फळी वरखाली होते आणि मूल विचारते, ‘मा ल'माला? मा ल'माता?’ वर काय आहे? खाली काय आहे? उत्तर येते: फक्त मी, मी आणि तू, आपण दोघे तराजूत सारखे तोललेले, पृथ्वी आणि आकाश यांच्या मध्ये. हा प्रश्न मुलाने सहज विचारलेला नाही. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातल्या ‘हगीगा’ या प्रकरणात बजावले आहे की वर काय, खाली काय, पुढे काय आणि मागे काय यांचा शोध घेणारा जन्मालाच आला नसता तर बरे झाले असते. शतकानुशतके विद्वानांना मना केलेला प्रश्न ब्यालिक यांनी फळीवर बसलेल्या मुलाच्या तोंडी दिला, आणि मुलाने त्याचे उत्तर देवदूतांत किंवा पाताळात न शोधता समोर बसलेल्या सोबत्यात शोधले.

आता चित्रकाराने वर पांढरे ढग आणि पक्षी, खाली गवत आणि फुले असे सुंदर, भरगच्च चित्र काढले, तर ‘वर काय?’ याचे उत्तर पानानेच देऊन टाकले. प्रश्न उरला नाही, म्हणून ‘फक्त मी आणि तू’ या उत्तराचे आश्चर्यही उरले नाही. वर-खाली कोरा कागद सोडला तर मात्र दोन मुले खरोखरच पृथ्वी आणि आकाश यांच्या मध्ये लोंबकळत राहतात. फळी कुठल्या क्षणी थांबवायची हाही निर्णय आहे: आडवी, समतोल फळी काढली तर कवितेचा शेवट आधीच दिसतो, तिरपी काढली तर एक मूल वर आणि एक खाली राहते, आणि समतोल शब्दांतच घडावा लागतो. मी तिरपी फळीच निवडीन. शिवाय हिब्रूत ‘तू’ला लिंग आहे आणि या कवितेतला ‘तू’ मुलगा आहे. समोर मुलगी बसवणारा चित्रकार ओळ न बदलता तिला खेळात घेतो, आणि तिथे मला चित्राचे शब्दांवर मात करणे मनापासून पटते.

‘केन ला-त्सिप्पोर’ या घरट्याच्या कवितेत तीन अंडी आहेत आणि ‘हस्, जागे करू नकोस’ असे म्हणत प्रत्येकात झोपलेल्या इवल्या पिलाची खबर दिली आहे. अंड्याच्या आत पिलू रंगवून दाखवणे म्हणजे त्याला जागे करणेच. तिथे चित्रकाराने कवचापाशी थांबावे.

आवृत्तीकारापुढचा प्रश्न

गुटमान यांचे पुस्तक रूढ झाले, याला कलेइतकाच इतिहासही कारण आहे. याकोब झाइडमान यांनी १९२९ मध्ये आर्थिक विवंचनेत जीवन संपवले आणि काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९३० मध्ये, टॉम यांचाही अंत झाला. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि ज्यू चित्रकर्तीच्या पुस्तकांना तिथे जागा उरली नाही; त्याच वर्षी तेल अवीवमध्ये द्वीरची आवृत्ती निघाली. ब्यालिक ४ जुलै १९३४ रोजी व्हिएन्नात निवर्तले. बर्लिनच्या चित्रांची बाजू मांडायला कुणी उरले नव्हते. गुटमान यांना पुढे दीर्घ आयुष्य लाभले आणि १९७८ मध्ये बालसाहित्यासाठी इस्राएल पुरस्कारही मिळाला, तो सर्वस्वी योग्यच होता. पण एका चित्रकाराचे यश हे दुसरीची चित्रे कवितेपासून तोडण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

चित्रासाठी लिहिलेली कविता आणि चित्राशिवाय लिहिलेली कविता यांना प्रकाशकांनी एकच नियम लावू नये, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे. ‘नद-नेद’सारखी कविता प्रत्येक पिढीने नव्याने रंगवावी, तिच्यात तेवढी ताकद आहे आणि प्रत्येक चित्रकार तिच्यातून काहीतरी वेगळे काढील. ‘सेफर हा-द्वारिम’मधल्या कविता मात्र अर्ध्या संवादासारख्या आहेत. समग्र वाङ्मयाच्या खंडात त्या चित्रांविना छापल्या जातात तेव्हा वाचकाला त्या किरकोळ वाटतात, आणि समीक्षकही त्यांना ब्यालिक यांचे हलके लेखन समजून पुढे जातात. ज्या वस्तूकडे बोट दाखवले ती वस्तूच पानावर नसते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. अशा कवितांच्या निदान एका आवृत्तीत मूळ चित्र शेजारच्या पानावर असावे, मुखपृष्ठावर चित्रकर्तीचे नाव कवीच्या बरोबरीने यावे, आणि अनुक्रमणिकेत कवितेच्या सालाशेजारी चित्राचेही साल द्यावे.